मास्तरांच्या आवाजामागून

चौघांची ती टोळी सहा वर्षं टिकली होती, आणि खरं सांगायचं तर सायकलींपेक्षा वादांवरच जास्त टिकली होती. मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पंपवाला पेट्रोलपंपावर कामाला. दिवसभर दुसऱ्यांच्या टाक्या भरायच्या आणि स्वतः सायकलवर फिरायचं, यावरून रोज कुणी ना कुणी त्याची फिरकी घ्यायचं. त्यात हवा भरायचा पंपही त्याच्याच सायकलला बांधलेला, त्यामुळे नाव दोन्हीकडून पक्कं झालं. सिस्टर सरकारी इस्पितळात परिचारिका. आणि चौथा वायरमन. उभी नोकरी विजेच्या खांबांवर काढून तो नुकताच घरी बसला होता.

पहाटे पाण्याच्या टाकीखाली जमायचं, गावाबाहेरच्या वळणरस्त्याने नदीच्या पुलावर जायचं, पलीकडे बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. तेवढ्या वेळात जगातला एकही प्रश्न शिल्लक राहत नसे. पेट्रोल का वाढलं, निवडणुकीत कोण पडणार, नवा उड्डाणपूल नक्की कुणाच्या सोयीसाठी, चेनला तेल बरं की मेण, हेल्मेटने टक्कल पडतं का. मास्तरांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात मांडायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पंपवाला नेहमी पुढे, त्याच्यामागे मास्तर, मास्तरांमागे वायरमन आणि शेवटी सिस्टर, असा क्रम आपोआप ठरून गेला होता. रस्त्यात खड्डा आला की मास्तर ओरडून सांगायचे आणि मग पुन्हा मुद्द्यावर यायचे.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत वायरमनच्या हातून चहाचे कप पडायला लागले. कप दिसायचा, पण त्याच्या शेजारची बरणी दिसायची नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. बायकोच्या आग्रहाने तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि सांगितलं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. वायरमन वाट बघत बसला. बराच वेळ काहीच दिसेना, तेव्हा यंत्रात बिघाड आहे असं त्याला वाटलं. आयुष्यभर बिघाडच शोधलेला माणूस तो. त्याने तसं सांगितलंही. यंत्र चालवणाऱ्या मुलीने त्याची मान पुन्हा सरळ केली. ठिपके येऊन जात होते.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि उशीर झालाय. बाजूची नजर गेली, समोरची थोडी उरलीय. गेलेली परत येत नाही, आहे ती थेंबांनी राखायची. अंधुक उजेडात फारच कमी दिसेल. वायरमनने सायकलचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सायकल विसरा आता. चालतानाही कुणालातरी बरोबर घ्या."

घरी येऊन त्याने बायकोला थेंबांच्या बाटल्या दाखवल्या आणि सांगितलं, थेंब नियमित घालायचे, बाकी सगळं नेहमीसारखं. तिने विचारलं, "आणि सायकल?" तो म्हणाला, व्यायाम चांगलाच असतो म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर ते मागे घ्यायची वेळ निघून गेली.

असं का केलं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मुलगा दिवसभर कानाला यंत्र लावून ऑफिसच्या लोकांशी बोलायचा आणि वायरमन मधून गेला की हाताने खूण करायचा, बाजूला व्हा. आतल्या खोलीत सून लहानग्याला निजवायची. स्वयंपाकघरात बायको, आणि तिच्या पायात घुटमळणं तिला मुळीच खपायचं नाही. "बाबा, तुम्ही जरा एका जागी बसा ना," हे वाक्य त्याला दिवसातून कितीतरी वेळा ऐकावं लागायचं, तेही प्रेमाने. पहाटेचे ते दोन तास सोडले तर त्याला जगात कुठे जागा उरली नव्हती. ते गेले तर त्या एका जागी बसणं चोवीस तासांचं होणार होतं.

पुन्हा निघाला त्या दिवशी तो जीव मुठीत धरूनच निघाला. नळीतून पाहावा तसा रस्ता. मास्तरांची पाठ त्या नळीत मधूनच यायची आणि निसटायची. पण मास्तर घरपट्टीवर बोलत होते, आणि नाक्याच्या पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पाठ शोधायचं कधीच सोडून दिलंय. आपण आवाजामागून चाललोय. आवाज डावीकडे वळला की हँडल डावीकडे वळत होतं. आवाज चढाला दमला की पाय जोर लावत होते.

अडचण एकच होती. वायरमनचं आणि मास्तरांचं बहुतेक बाबतीत एकमत होतं. "बरोबर आहे तुमचं" म्हटलं की मास्तरांचा मुद्दा संपायचा, ते समाधानाने गप्प व्हायचे आणि वायरमनच्या पुढचा रस्ता नाहीसा व्हायचा. म्हणून तो विरोध करायला लागला. आधी बिचकत, मग सराईतपणे. संध्याकाळी रेडिओ लावून बातम्या ऐकायच्या, मास्तर काय म्हणतील याचा अंदाज बांधायचा आणि त्याच्या उलट बाजू तयार ठेवायची. कुठल्या विषयावर किती अंतर जाता येतं याचाही हिशेब त्याला जमला. महागाईवर पूल पार व्हायचा. टायरच्या ब्रँडवर जेमतेम नाक्यापर्यंत. शेजारच्या देशातल्या लढाईवर तर डेपो गाठून चहा संपेपर्यंत मास्तर थांबायचे नाहीत.

"वायरमन, तुमच्या डोक्यात फेज आणि न्यूट्रलच्या तारांची अदलाबदल झालीय," पंपवाला एकदा म्हणाला. "पूर्वी असे नव्हतात." सगळे हसले. वायरमनही हसला. पण घरी गेल्यावर त्याला जरा चमत्कारिक वाटलं. बातम्या ऐकताना हल्ली त्याला कळेनासं झालं होतं की आपल्याला स्वतःला यातलं काय पटतं. मास्तरांच्या उलट काय, एवढंच झटकन सुचायचं.

थंडी आली तशी पहाट उशिरा व्हायला लागली. अर्धा तास उशिरा निघू या, धुक्यात छातीला त्रास होतो, असं त्याने सुचवून पाहिलं. मास्तरांनी ते उडवून लावलं. इतकी वर्षं वेळ चुकली नाही, आता काय म्हातारे झालोय? आता पुलापर्यंत सगळा अंधारच असायचा. वायरमन घरातून निघताना देवाचं नाव घ्यायचा आणि परत आल्यावर जिन्यात थोडा वेळ बसून राहायचा. घाम पुसून झाल्याशिवाय बायकोसमोर जायचं नाही, म्हणून. बायकोने थेंब घालताना एकदा त्याची हनुवटी धरून विचारलं होतं, "अहो, मला खरं सांगताय ना सगळं?" तो हो म्हणाला होता.

अशात सरकारी इस्पितळांतल्या परिचारिकांनी संप पुकारला. एकेकीवर दोन-दोन वॉर्डांचा भार आणि रजा मागितली की नोटीस, असं ते प्रकरण होतं. सिस्टर रोज टोळीबरोबर पुलापर्यंत यायची आणि तिथून इस्पितळाच्या दारातल्या मांडवात जाऊन बसायची. मास्तर अर्थातच संपाच्या बाजूने. त्यामुळे वायरमनला विरोधात जावं लागलं. स्वतः त्याने नोकरीत असताना दोनदा संपात भाग घेतला होता. पण हा विषय मोठा होता. रोज नवी बातमी, रोज मास्तरांचा चढा आवाज, आणि रस्ता असा सरळ समोर यायचा, जसा दिवसाउजेडी यावा.

मागून सिस्टर ऐकत होती. पहिले काही दिवस ती हसत होती, म्हणाली, काका, आमच्या मांडवात येऊन भाषण करा, तिकडे विरोधक मिळत नाहीत. मग तिचं हसणं कमी झालं. संप लांबला, एका वॉर्डात एक म्हातारा दगावला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा दोष संपावर टाकला.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर मास्तरांचा आवाज दमाने खाली यायला लागला. एक ट्रक घासून गेला, त्याच्या घरघरीत तो पुरता हरवला. कठडा कुठे, कडा कुठे, काही कळेना. मास्तरांनी ताबडतोब बोलायला हवं होतं, आणि मोठ्याने. त्याला जे तोंडात आलं ते त्याने फेकलं. "पांढरे कपडे घातले म्हणून काय झालं? माणूस मरत असताना दारात बसून राहतात ते कसाईच."

मास्तरांनी ब्रेक मारले. मागे सिस्टरच्या सायकलचेही ब्रेक वाजले. मग सिस्टरने सायकल वळवली आणि ती एकटीच आल्या रस्त्याने निघून गेली. तिच्या दिव्याच्या डायनॅमोची घरघर वायरमनला बराच वेळ ऐकू येत होती.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "वायरमन, आजपर्यंत तुमच्याशी भांडलो, कारण समोर शहाणा माणूस आहे असं समजत होतो. यापुढे माझ्याकडून तुम्हाला एक शब्द मिळणार नाही."

त्या दिवशी तो सायकल हातात धरून, कठड्याला चाचपत, चालत घरी आला. उशीर का झाला म्हणून बायकोने विचारलं. पंक्चर, तो म्हणाला.

दिवसभर त्याने ठरवलं की आता जायचं नाही. रात्रीपर्यंत हे ठरलेलं होतं. पण सिस्टरची माफी मागायला हवी होती आणि ती पहाटेच टाकीखाली भेटणार होती. निदान एवढंच करून परत येऊ, असं म्हणून तो गेला. सिस्टर आली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं की नाही हे त्याला दिसलं नाही. तो काही बोलायच्या आत पंपवाल्याने शीळ घातली आणि सगळे निघाले. आज सिस्टर त्याच्यामागे राहिली नाही. त्याला ओलांडून मास्तरांच्या मागे गेली.

तिथेच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. एकटं मागे उरण्याची भीती पडण्याच्या भीतीहून मोठी निघाली.

कुणी बोलत नव्हतं. चेनचा सरसर आवाज आणि डायनॅमोची घरघर, तीही वाऱ्याबरोबर पुढे-मागे होणारी. वायरमनने घसा खाकरला. म्हणाला, शाळेच्या नव्या पुस्तकांतून म्हणे पाढे काढून टाकणार, बरंच झालं, पोरांना पाढे लागतात कशाला. पाढ्यांवर मास्तर पुलापर्यंत सहज गेले असते. उत्तर आलं नाही. मग तो उड्डाणपुलाबद्दल बोलला, मग निवडणुकीबद्दल. आपण वेड्यासारखे अंधाराशी बोलतोय हे त्याला कळत होतं. चढ सुरू झाल्याचं मांड्यांना कळलं, म्हणजे पूल आला. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, संप बरोबरच आहे. मी खोटं बोलत होतो. मास्तर, काहीतरी बोला."

मास्तरांना वाटलं, हा आता चेष्टा करतोय. ते अधिकच ताठ झाले.

पुलाच्या मध्यावर दुरुस्तीचं काम निघालं होतं आणि रस्त्यात आडवे अडथळे लावले होते. पंपवाला थांबला. मास्तर एरवी ओरडून सांगायचे, आज त्यांनी नुसता हात वर केला. सिस्टरने हात पाहिला आणि ती थांबली. डायनॅमोची घरघर एकदम बंद पडली. वायरमनला वाटलं, हे सगळे आपल्याला टाकून दूर निघून गेले. त्याने होता नव्हता तेवढा जोर पायांत आणला आणि पायडल मारलं.

धडक बसली तेव्हा आपण कशावर आदळलो हेही त्याला समजलं नाही. तो रस्त्यावर पालथा पडला होता, गुडघा सोलवटला होता, आणि जवळच कुणीतरी दात आवळून श्वास घेत होतं. मग पंपवाल्याचा आवाज आला, "सिस्टर, हात हलवू नका."

भाजीचा एक टेम्पो थांबवून चौघे इस्पितळात गेले. सिस्टर उजवा हात मांडीवर धरून पुढे बसली होती. मनगट वेडंवाकडं झालं होतं. दारातल्या मांडवात तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांनी तिला पाहिलं, हातातले फलक जमिनीवर ठेवले आणि त्या उठल्या. दोघी तिला धरून आत घेऊन गेल्या. अपघात विभाग चालूच होता. संपावरच्या परिचारिका पहिल्या दिवसापासून आळीपाळीने तिथे राबत होत्या. मास्तरांनी हे वायरमनला पुलावर कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्याने फक्त आवाज ऐकला होता.

बाहेरच्या बाकावर मास्तर आणि तो असे दोघे बसले. पंपवाला औषधं आणायला गेला होता. मास्तर म्हणाले, समोर उभं असलेलं माणूस दिसलं नाही तुम्हाला? हा बोलण्यापुरता प्रश्न होता, पण वायरमनने त्याचं उत्तर दिलं. नाही दिसलं, म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. तो पांढरा वाडगा, न दिसलेले ठिपके, डॉक्टरांनी काय सांगितलं, बायकोला काय सांगितलं, आणि आवाज. आवाजासाठी काय काय केलं ते. सांगून झाल्यावर मास्तर शेजारी बसलेत की उठून गेलेत, हे पाहायला वायरमनला मान पूर्ण वळवावी लागली.

"म्हणजे वर्षभर मी कुणाशी वाद घालत होतो?" मास्तरांनी विचारलं.

वायरमनने गुडघ्याला चिकटलेली माती झटकली.

"रात्री झोप लागायची नाही मला. उद्या याला कसं पटवू म्हणून पुस्तकं काढून बसायचो. बायको म्हणायची, वेड लागलंय तुम्हाला. आणि तुम्हाला त्यातलं काही पटवून घ्यायचंच नव्हतं. त्यातलं एकही मत तुमचं नव्हतं?"

"काही होती," वायरमन म्हणाला. "कुठली, ते आता मलाच सांगता येत नाही, मास्तर."

"एका शब्दाने सांगितलं असतंत तर पाढे म्हणत पुढे गेलो असतो हो मी. रोज." मास्तर उठले आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

आत सिस्टरचा हात प्लॅस्टरमध्ये बांधला होता. वायरमन भिंतीला हात लावत तिच्या खाटेपाशी गेला. मास्तरांनी तिला सांगितलं असावं, कारण तिने आधी डोळ्यांचंच विचारलं. थेंब कुठले, किती वेळा, डोळ्यांचा दाब शेवटचा कधी तपासला. तिच्या त्या कामाच्या आवाजाने त्याला रडू यायला लागलं. तो म्हणाला, सिस्टर, ते मी पुलावर जे बोललो ते मनापासून नव्हतं, मास्तरांनी बोलावं म्हणून बोललो.

"ते कळलं, काका," ती म्हणाली. "दिसत नव्हतं, घाबरलात, सगळं कळलं. पण घाबरल्यावर तुम्हाला तेच सुचलं ना?"

त्याने खाटेची कड चाचपून धरली. मग तिच्या मैत्रिणीने त्याच्या गुडघ्यावरची जखम पाहिली आणि त्याला स्टुलावर बसवून ती धुतली.

बायकोला मास्तरांनीच घरी येऊन सांगितलं. रात्री थेंब घालताना तिच्या हातून दोन थेंब गालावरच पडले. मुलाने सायकल जिन्याखाली नेऊन साखळीने बांधली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. सून म्हणाली, बाबा, खिडकीपाशी खुर्ची टाकते, तिथे ऊन छान येतं.

तो खिडकीपाशी बसायला लागला. रेडिओ तेवढा त्याने बंद केला. बातम्या लागल्या की डोक्यात आपोआप कुणाच्या तरी उलट बाजू तयार व्हायला लागायची आणि ती ऐकणारं कुणी नव्हतं. संप मिटला, अर्ध्या मागण्या मान्य झाल्या, हे त्याला पंपवाल्याने जिन्यातून सांगितलं. सिस्टरच्या मनगटात तार घालावी लागली होती. ती कामावर जायची, पण अजून सुई टोचता येत नव्हती. इकडे कधी येईल का, असं वायरमनने विचारलं. पंपवाला म्हणाला, विचारून बघतो. नंतर त्याने तो विषय काढला नाही.

मास्तर एका रविवारी दुपारी आले, पायी. बायकोने खुर्ची दिली, चहा दिला. मास्तरांनी घसा साफ केला आणि पाणीपट्टीच्या वाढीबद्दल सांगायला सुरुवात केली. सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. मग ते थांबले, वाट बघत.

"बरोबर आहे तुमचं," वायरमन म्हणाला.

मास्तरांनी परीक्षांच्या नव्या पद्धतीचं काढलं. मुद्दाम एक टोकाची गोष्ट बोलले, जी ते स्वतःही कधी बोलले नसते.

"असेल, मास्तर. तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

"असेल काय असेल?" मास्तर म्हणाले. "अहो, काहीतरी म्हणा ना."

वायरमनने खरंच प्रयत्न केला. परीक्षांबद्दल आपल्याला काय वाटतं ते त्याने आत शोधून पाहिलं. डोळ्यांसमोरची नळी होती तशीच तिथेही होती, आणि तिच्या टोकाला काही नव्हतं. तो मान हलवत राहिला. मास्तरांनी राहिलेला चहा संपवला, पुढच्या रविवारी येतो म्हणाले आणि गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. वायरमन खुर्ची दाराकडे वळवून संध्याकाळपर्यंत बसला होता. त्याच्या पुढच्या रविवारी आले. नव्या ब्रेकच्या रबरांबद्दल बोलत बसले, ती किती लवकर झिजतात, दुकानदार कसा फसवतो. वायरमन ऐकत होता. एकदा मध्येच त्याला वाटलं की यात मास्तरांचं काहीतरी चुकतंय, पण काय ते शब्दांत येण्याआधी मास्तर पुढच्या गोष्टीवर गेले होते.